आईला दिसत नाही म्हणून

"सुतळी लावा नाहीतर फूटपट्टी लावा, किंमत काही आखूड होणार नाही," दुकानदार म्हणाला.

रिफअतनं सुतळी पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणून धरली होती. सुतळीला दोन गाठी मारलेल्या होत्या. एक गाठ म्हणजे त्याच्या बैठकीच्या भिंतीचा दाराकडचा कोपरा, दुसरी म्हणजे खिडकीची चौकट. पासष्ट इंची पडदा दोन गाठींच्या मध्ये बरोबर मावत होता, वर चार बोटं जागा उरत होती.

"भिंत माझी, सुतळी माझी, पैसे माझे. तुमचं नुसतं तोंड चालतंय, बाशा," रिफअत म्हणाला. "शेवटचं सांगा."

"शेवटचं सकाळीच सांगितलं. दुपारी आलात, म्हणून तेच सांगतोय. उद्या याल तर याच्यापेक्षा जास्त सांगेन. डॉलर कुठं चाललाय बघताय ना?"

"डॉलर वर गेला की तुमचा भाव वर जातो. डॉलर खाली आला तेव्हा कुठं गेला होता तुमचा भाव?"

"जेवायला," दुकानदार म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

अब्देल अझीझ रस्त्यावर असं बोलणं ऐकून घ्यावं लागतं. त्याशिवाय तिथं काही विकत घेतल्याचं समाधानही मिळत नाही. फ्रिज, पंखे, धुलाईयंत्रं आणि टीव्ही यांची दुकानं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत, आणि प्रत्येक दुकानदार शेजाऱ्याला चोर म्हणतो. रमजान जवळ आला होता. रमजानात मालिकांचा पूर येतो, इफ्तारला पाहुणे येतात, आणि ज्याच्या घरी मोठा टीव्ही तिथंच ते नंतर चहाला टिकतात. त्यामुळे या दिवसांत भाव चढतात हे सगळ्या कैरोला ठाऊक असतं, आणि तरी सगळं कैरो याच दिवसांत खरेदीला येतं.

रिफअत वीज कंपनीत मीटर वाचायला होता. आमच्या शुब्रा वस्तीतले सगळे जिने त्याला पाठ. खरं तर या टीव्हीचं वेड त्याला त्या नोकरीनंच लावलं. मीटर जिन्यात असतो, पण घंटी वाजली की दार उघडतं, आणि दार उघडलं की समोरची भिंत दिसते. गेली काही वर्षं त्या भिंती एकेक करून काळ्या, चकचकीत होत चालल्या होत्या. झाडूवाल्याच्या घरी पन्नास इंच. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे, जिथं बसायला दोन स्टुलं नाहीत, तिथं पंचावन्न. आणि मीटर वाचणाऱ्या रिफअतच्या घरी पाठीला पोक आलेला तोच जुना डबा, ज्याच्या चित्रावरून एक हिरवी पट्टी सतत खालून वर सरकत असायची.

"माझ्या बहिणीकडे नटीच्या नाकावरचा घाम दिसतो," त्याची बायको कौसर म्हणायची. "आपल्याकडे नटी कोणती आणि नट कोणता, ते आवाजावरून ओळखावं लागतं. आणि हिरव्या पट्टीच्या वर डोकं असेल तर तो मुख्य माणूस."

या वर्षी तिचा पहिला नंबर भिशीत लागला होता. पैसे हातात होते, सुतळी खिशात होती, आणि तरी पैसे कमीच पडत होते. फार नाही, पण कमी. मधल्या दरीत पाय टाकायला एकच फळी होती, आणि ती फळी रिफअतनं बघून न बघितल्यासारखी केली होती. त्या फळीचं नाव वग्दी.

वग्दी आणि रिफअत यांच्यात रक्ताचं नातं नाही, पण दुधाचं आहे. रिफअत तान्हा होता तेव्हा समोरच्या दारातल्या मदीहाला बाळंतपणाचा ताप भरला, तिचं दूध आटलं, आणि तिचं पोर भुकेनं रडून रडून निळं पडायला लागलं. रिफअतची आई इन्शिराह उठली, जिना ओलांडला, आणि पोराला छातीशी घेतलं. एका बाजूला रिफअत, दुसऱ्या बाजूला वग्दी. दोन वर्षं तो तिच्याच दुधावर वाढला. आमच्याकडे असं दूध प्यायलेला मुलगा हा मुलगाच असतो. तिच्या पोटच्या मुलीशी तो लग्न करू शकत नाही, आणि तिनं काही मागितलं तर नाही म्हणू शकत नाही.

पण इन्शिराहनं कधी मागितलंच नव्हतं. मदीहाचं कुटुंब पुढं चांगल्या वस्तीत गेलं, वग्दीनं अब्देल अझीझ रस्त्यावर दुकान टाकलं, आणि दर ईदला नमाज आटोपला की तो स्वतःच्या सासरी जायच्या आधी हिच्या दारात उभा राहायचा. हातात कहकचा, ईदच्या साखर भुरभुरलेल्या बिस्किटांचा, डबा. आत येऊन तिचा हात ओठांना लावायचा, कपाळाला लावायचा. मग ती पहिला कहक मोडून त्याला स्वतःच्या हातानं भरवायची. साखरेची भुकटी त्याच्या मिशीला लागायची आणि ती ओढणीच्या टोकानं पुसायची. केस पिकले तरी त्यांचा हा सोहळा चुकला नाही.

रिफअतचे वडील आजारी पडले त्या साली घरातली तांब्याची भांडी गेली, शिवणयंत्र गेलं. तेव्हा कोणीतरी म्हणालं, वग्दीला सांगा. इन्शिराह म्हणाली, "ते पोर भुकेलं होतं म्हणून पाजलं. मी काय उधारीनं पाजलं होतं?" आणि विषय बंद झाला. ती फारशी शिकलेली नाही, मोठ्यानं बोलत नाही, मागे लागत नाही. पण आमच्या जिन्यातल्या बायका भांडणात तिचं नाव घेऊन गप्प होतात ते याच गोष्टीमुळे.

रिफअत आधी एकटाच वग्दीकडे जाऊन आला. वग्दीनं चहा पाजला, वडिलांची आठवण काढली, आणि किंमत सांगितली. बाकीच्यांपेक्षा थोडी कमी. थोडीच.

"एवढंच?" कौसर म्हणाली. "भाऊ ना तुझा? दोघांनी एकच छाती वाटून घेतली ना?"

"धंदा मंदा आहे म्हणतो."

"सगळ्यांचाच आहे. तू गेलास म्हणून धंदा मंदा. आई गेली असती तर मंदा झाला असता का, सांग बरं?"

कौसर एवढं बोलली आणि मुलुखियाच्या भाजीची पानं खुडायला लागली. ती बोलून मोकळी झाली. रिफअत मात्र रात्रभर कूस बदलत राहिला, आणि सकाळी उठला तेव्हा त्यानं ठरवलेलं होतं.

"आई, चल, तुला हुसेनच्या मशिदीत नेऊन आणतो," तो म्हणाला. "रमजानच्या आधी दर्शन होईल."

इन्शिराहचा चेहरा उजळला. गुडघ्यांमुळे तिचं हुसेनला जाणं कधीचं सुटलं होतं. तिनं पेटीतला चांगला काळा झगा काढला. त्याच्या बाहीची शिवण उसवली होती, ती खिडकीत बसून तिनं शिवली. सुईत दोरा स्वतःच ओवला, एका झटक्यात. रिफअत बघत होता. तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही, नंतर मात्र ते फार आठवलं.

अताबाला मेट्रोतून बाहेर आल्यावर त्यानं तिचा हात धरून डावीकडे वळवलं.

"हुसेन उजवीकडे ना रे?"

"जाताजाता वग्दीला भेटू. जवळच आहे. तुला बघून खूश होईल."

"मग काही हातात न्यायला हवं होतं," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं लेकराच्या दुकानात?" आणि कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याकडून तिनं स्वतःच्या पदरच्या पैशांनी संत्री घेतली. भाव करून घेतली, एक डागी निघालं ते परत करून.

वग्दीचं दुकान लांबट, अरुंद. इन्शिराह उंबऱ्यात पोचली न पोचली तोच म्हणाली, "वग्दी, किती वाळलास रे! आणि ते बाहीचं बटण कुठं गेलं? नग्वा घरात नाही का?"

वग्दी दुकानाच्या पार टोकाला, कागद चाळत बसला होता. तो धडपडत उठला, धावत आला, तिचा हात हातात घेतला. "आई! तू? इथं? अरे खुर्ची द्या, ती नको, ती मऊ. बडीशेपेचा चहा सांगा." त्याच्या आवाजात खराखुरा आनंद होता. दुकानातलं एकुलतं एक गिऱ्हाईकही हसायला लागलं.

संत्री टेबलावर आली. गुडघ्यांची, नग्वाच्या रक्तदाबाची चौकशी झाली. चहा आला. इन्शिराहनं दोन घोट घेतले, तेवढ्यात रिफअतनं घसा खाकरला.

"वग्दी, खरं सांगायचं तर आई तुझ्याकडे कामानं आलीय."

इन्शिराहनं पेला खाली ठेवला.

"आईला दिसत नाही हल्ली," रिफअत म्हणाला. शब्द आधीपासून जुळवलेले होते, तरी तोंडात कोरडे पडत होते. "घरचा टीव्ही म्हणजे तू बघितलाच आहेस. रमजानच्या मालिका तिला दिसत नाहीत. नुसती आवाज ऐकत बसते बिचारी. तीच म्हणाली, मोठा घे. वग्दीकडून घे म्हणाली, माझा मुलगा आहे तो."

वग्दीनं इन्शिराहकडे बघितलं. रिफअतनं नाही बघितलं. त्यानं समोर लावलेल्या पडद्याकडे नजर ठेवली, तिथं आवाज बंद करून कोणीतरी समुद्राच्या तळातले मासे दाखवत होतं.

ती नुसतं 'नाही' म्हणू शकली असती. 'हा काय बोलतोय?' एवढं म्हणाली असती तरी पुरलं असतं. पण दुकानात परकं गिऱ्हाईक होतं, कामगार होते, आणि खोटं बोलणारा तिचा मुलगा होता.

"हो रे बाळा," इन्शिराह म्हणाली. "अंधुक दिसतं हल्ली."

 वग्दीनं मान हलवली आणि मोठ्यानं हाक मारली, "तो पासष्ट इंची उतरवा रे. खोक्यात घाला."

"किंमत आधी ठरवू," रिफअत म्हणाला. मनातल्या मनात त्यानं पाव भाग तरी उडवला होता.

"कसली किंमत?"

"अरे असं कसं—"

"आई पहिल्यांदा माझ्या दारात आली आणि मी किंमत सांगू?"

"तुझे खरेदीचे पैसे तरी घे," इन्शिराह म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बाळा, घे. माझं ऐक."

"माझ्यावर तलाक पडो!" वग्दी ओरडला. "या टीव्हीचा एक गिनी जरी घेतला तर नग्वाला माझा तलाक!"

झालं. आमच्याकडे चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरूनसुद्धा पुरुष बायकोच्या तलाकाची शपथ घालतात, आणि त्या बिचाऱ्यांना घरी बसल्या पत्ताही नसतो. पण एकदा तोंडातून निघालं की समोरच्यानं पैसे पुढं करायचे नसतात. केले तर तुम्ही एका बाईचा संसार मोडायला निघालात असा अर्थ होतो. रिफअतचा हात खिशात गेला होता तो तिथंच राहिला. त्याला स्वस्तात हवा होता. फुकट नको होता. स्वस्तात घेतलेल्याचा अभिमान बाळगता येतो, चार लोकांत सांगता येतो. फुकटचं कोणाला सांगणार?

बाहेर आल्यावर, तीनचाकीत खोकं चढवत असताना, तो म्हणाला, "आई, हे घरी पाठवून देऊ आणि आपण हुसेनला जाऊ. वेळ आहे अजून."

"नको," ती म्हणाली.

"अगं, एवढी आलीस—"

"आता कोणत्या तोंडानं जाऊ तिथं?"

एवढंच. ना ती रागावली, ना रडली. तीनचाकीवाल्याच्या शेजारच्या जागेवर चढायला त्यानं हात दिला तो तिनं धरला, कारण गुडघे दुखत होते. रिफअत मागं खोक्याला मिठी मारून उभा राहिला आणि तसाच शुब्र्यापर्यंत आला. रस्त्यातल्या लोकांना वाटलं असेल, काय नशीबवान माणूस आहे.

घरी कौसरनं खोकं बघून जिन्यातच आनंदाची किलकारी फोडली, लग्नात फोडतात तशी. शेजारणी बाहेर आल्या. इन्शिराह भिंतीचा आधार घेत वर गेली आणि आपल्या खोलीत जाऊन तिनं दार लोटलं. तीनचाकीवाला, शहाता नावाचा म्हातारा, पाणी पिताना रिफअतला हळूच म्हणाला, "जपा हा. वग्दीशेठच्या दुकानातला एवढाच मोठा उरला होता."

"संपले? नवीन मागवेल."

"कुठलं मागवतोय! महिनाअखेर दुकान सोडतोय तो. घाऊकवाल्यानं बाकीचा माल उचलून नेला. हा एक त्यानं राखला होता, त्याच्यावर कामगारांचा पगार भागवणार होता." शहातानं मिशा पुसल्या. "म्हणून मला नवल वाटलं. गिऱ्हाईक मोठंच भेटलं म्हटलं."

रिफअतनं त्याला भाडं दिलं, वर बक्षिसी दिली, आणि ती गरजेपेक्षा जास्त दिली.

दुसऱ्या दिवशी मीटर वाचायला न जाता तो थेट अताबाला गेला. भिशीची गड्डी खिशात होती. काल त्याच्या नजरेला जे पडलं नव्हतं ते आज पडलं. भिंतीवर नुसते अडकवायचे आकडे होते, टीव्ही नव्हते. काल चालू असलेला माशांचा पडदासुद्धा उतरवलेला होता. टेबलावर संत्री तशीच होती, एकही सोललेलं नव्हतं.

"हे घे," रिफअत म्हणाला. "मी मशिदीत शेखना विचारलंय. तलाक मनात नसताना तोंडातून गेला तर दहा गरिबांना जेवू घालायचं, शपथ सुटते. त्यांचं जेवण मी घालतो. तू पैसे घे."

वग्दी हसला. "शेखना विचारून आलास? बराच अभ्यास केलास."

"दुकानाचं का नाही सांगितलंस मला?"

"तू आलास तेव्हा खरेदीची किंमत सांगितली होती तुला. माझी स्वतःची. एक गिनी वर ठेवला नव्हता." वग्दीनं खुर्ची पुढं केली, पण रिफअत बसला नाही. "तुला वाटलं, मी नफा खातोय तुझ्याकडून. म्हणून आईला घेऊन आलास."

"आईला खरंच—" रिफअत म्हणाला.

"ती उंबऱ्यात होती," वग्दी म्हणाला. "मी तिथं, त्या टोकाला. उन्हातून आत आलेली बाई, आणि तिला माझ्या बाहीचं तुटलेलं बटण दिसलं."

 रिफअतनं गड्डी टेबलावर ठेवली होती ती उचलावी की राहू द्यावी हे त्याला कळेना.

"माहीत होतं, तर दिलास कशाला?"

"तिनं 'हो' म्हटलं ना. आयुष्यभरात एकदा मागितलं तिनं माझ्याकडे. तुझ्यासाठी मागितलं, खोटं बोलून मागितलं, पण मागितलं. मी काय उलटतपासणी घेऊ तिची? चार लोकांत तिला खोटी पाडू?" वग्दीनं गड्डी त्याच्याकडे सरकवली. "पैसे उचल, रिफअत. मी ते घेतले तर तिच्या कानावर जाईलच. मग तिला कळेल की मला कळलं होतं. ते मला नको आहे."

"मग मी काय करू?"

"टीव्ही बघ," वग्दी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आणि एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नको. या ईदला मी येणार नाही. माझ्या तोंडाकडे बघून तिला ते आठवेल. तिला मान खाली घालावी लागेल, आणि ते मला बघवणार नाही. थोडे दिवस जाऊ देत."

"तिला काय सांगू?"

"काही सांगू नको. सांगितलंस तर मी तुझा भाऊ नाही."

रिफअत परत आला. येताना तो हुसेनला गेला, का गेला ते त्यालाही माहीत नाही. दारात चपला काढल्या, आत न जाता पुन्हा घातल्या.

रमजानभर तो टीव्ही चालला. कौसरची बहीण आली, मेहुणा आला, मेहुण्यानं रिमोट हातात घेऊन रंग कमी-जास्त केले आणि कबूल केलं की असा आपल्याकडे नाही. "केवढ्याला पडला?" त्यानं विचारलं. कौसर म्हणाली, "ते विचारू नका, नजर लागेल," आणि डोळे मिचकावले. नटीच्या नाकावरचा घाम दिसत होता. मालिकेतली भिंतीवरची पाल दिसत होती. रिफअतला मात्र समोर बसलं की कथा कळेनाशी व्हायची, पात्रं कोण कोणाचं कोण हे त्याच्या डोक्यात राहीना. तो उठून गच्चीवर जायचा, सिगारेट ओढायचा, आणि खाली सगळ्या खिडक्यांतून तोच निळा उजेड हलताना बघायचा.

इन्शिराह इफ्तारला सगळ्यांबरोबर बसायची, खजूर खायची, दोन घास जेवायची आणि आपल्या खोलीत जायची. बैठकीत एकदाही थांबली नाही. तिनं कोणाला काही बोलून दाखवलं नाही. रिफअतशी बोलायची ती नेहमीसारखंच, पाणी आण, औषध कुठाय, दार लाव. त्यानं एकदा तिच्या पायाशी बसून म्हणायचा प्रयत्न केला, "आई, त्या दिवशी..." तर ती म्हणाली, "उपवासाच्या तोंडानं नको," आणि जपमाळ ओढायला लागली.

ईदच्या सकाळी तिनं काळा झगा घातला. कहकची ताटली खिडकीजवळच्या तिवईवर ठेवली, वर रुमाल झाकला. नमाजाला गेलेले लोक परत आले, जिन्यात पोरांचा दंगा सुरू झाला, शेजारणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ती दाराकडे तोंड करून बसली होती. जिन्यात पुरुषाची पावलं वाजली की हात रुमालाकडे जायचा.

मग रिफअतचा फोन वाजला.

"आईला दे," वग्दी म्हणाला.

इन्शिराह फोन कानापासून लांब धरते, त्यामुळे पलीकडचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू जातं.

"वर्षानुवर्षं अशीच सुखात राहा, आई."

"तूही रे बाळा. केव्हा येतोस?"

"या खेपेला जमत नाही गं. नवीन काम धरलंय, आजसुद्धा सुटी नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "आता दिसतं ना तुला? नीट दिसतं ना टीव्हीत?"

इन्शिराहनं डोळे मिटले. "दिसतं रे. अगदी लख्ख दिसतं. रोज बघते."

"बस. मग मला सगळं मिळालं."

फोन बंद झाला. तिनं तो रिफअतच्या हातात दिला. कौसर काहीतरी चहाचं बोलून स्वयंपाकघरात गेली. इन्शिराहनं ताटलीवरचा रुमाल उचलला, कहककडे बघितलं, आणि रुमाल पुन्हा नीट झाकला.

"फेडलं त्यानं," ती म्हणाली.

"काय फेडलं?"

"दूध." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, बाजाराचा भाव सांगावा तशी. "मागितलं, त्यानं दिलं. मिटलं. आता कशाला येईल तो?"

रिफअतच्या तोंडाशी आलं होतं. नाही आई, तसं नाही, तुला लाज वाटू नये म्हणून तो आला नाही. पण ते सांगायचं म्हणजे वग्दीला सगळं माहीत आहे हे सांगायचं. लेक गेला असं वाटण्याचं दुःख काढून घ्यायचं आणि त्या लेकासमोर आपण खोट्या ठरलो हे दुःख हातावर ठेवायचं. दोन्ही त्यानंच आणलेली. यातलं तिला कुठलं द्यायचं, हेही त्यानंच ठरवायचं. त्यानं फोन खिशात ठेवला.

इन्शिराह गुडघ्यावर हात टेकून उठली. हळूहळू चालत बैठकीच्या मधोमध आली, इतके दिवस जिथं ती कधी बसली नव्हती त्या खुर्चीवर बसली, आणि झग्याच्या चुण्या सारख्या केल्या.

"लाव तो," ती म्हणाली.

"आई, असू दे. तुला आवडत नाही."

"रोज बघते म्हणून सांगितलंय मी त्याला. लाव."

त्यानं बटण दाबलं. भिंतभर उजेड पडला. कुठल्यातरी बागेत ईदचा कार्यक्रम चालला होता, रंगीत कपड्यांतली मुलं गात होती. इन्शिराह ताठ बसून बघत होती. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा कावळा ओळखणारे तिचे ते डोळे पडद्यावर रोखलेले होते.

"खुर्ची जवळ सरकव," ती म्हणाली. "एवढ्या लांबून दिसत नाही मला."

रिफअतनं खुर्चीच्या पाठीला हात घातला आणि आईला पुढं सरकवलं.